हात हवेत, आवाज नको

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

श्रोतेहो, एक कल्पना करून पाहा. उद्या सकाळी तुमच्या दारात पोस्टाचा शिपाई येतो आणि सांगतो, 'घरातला रेडिओ पाच दिवसांच्या आत पोस्टात आणून जमा करा. पावती मिळेल. युद्ध संपलं की पावती दाखवून संच परत न्या.' आपल्यापैकी जे वयानं थोडे मोठे आहेत, त्यांना रेडिओचा आणि पोस्टाचा संबंध आठवत असेल. दर वर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकीट लावून आणायचं, असा तो काळ होता. पण खुद्द संचच नेऊन द्यायचा, ही गोष्ट निराळी.

हे खरोखर घडलेलं आहे. हिटलरच्या फौजा २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघात घुसल्या आणि अवघ्या तीन दिवसांनी, २५ जूनला, नागरिकांनी आपापले रेडिओ सरकारजमा करावेत, असा निर्णय मॉस्कोत झाला. शत्रूचा प्रचार लोकांच्या कानांवर पडू नये, हा हेतू. लोकांनी निमूटपणे संच आणून दिले. आणि त्याच लोकांकडून त्याच वेळी सरकारला हवं होतं रक्त, घाम, पैसा, लोकरीचे मोजे, सगळंच. थोडक्यात, हात हवेत, पण कान आणि जीभ नको.

युद्धकाळातलं हे कोडं फार जुनं आहे. युद्ध लढायचं तर नुसतं सैन्य पुरत नाही, मागं उभी असलेली माणसं लागतात. १९६२ साली चीनचं आक्रमण झालं तेव्हा आपल्याकडच्या आयाबायांनी जवानांसाठी स्वेटर विणले, अंगावरचे दागिने उतरवून दिले, हे ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण माणसं एकत्र येऊन काही करू लागली की ती एकमेकांशी बोलतात. बोलतात तेव्हा तुलना करतात, चुका काढतात, प्रश्न विचारतात. सरकारला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. मग सरकार बोलण्याची वाट अडवतं. अशा वेळी त्या हातांचं काय होतं? आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. आणि त्यासाठी एकच देश घेणार आहे, रशिया. कारण हा प्रसंग त्या देशावर एकशेदहा वर्षांत तीनदा आला आणि तिन्ही वेळा त्याचा परिणाम वेगळा झाला.

पहिला प्रसंग पहिल्या महायुद्धातला. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ते काही महिन्यांत आटोपेल, अशी सगळ्याच देशांची समजूत होती. झारच्या सरकारनं त्या हिशेबानंच दारूगोळा साठवला होता. १९१५ चा उन्हाळा येईपर्यंत तो संपत आला. मे महिन्यात जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजांनी गॅलिशियात मुसंडी मारली आणि रशियन सैन्याची जी माघार सुरू झाली ती थांबेना. ऑगस्टमध्ये वॉर्सा पडलं. तोफा होत्या, पण गोळे नव्हते. काही तुकड्यांत तर बंदुकाही सगळ्यांना पुरत नव्हत्या. पुढचा सैनिक पडला की मागच्यानं त्याची बंदूक उचलायची, अशी अवस्था होती.

या दारुण अवस्थेत पुढं आले ते नागरिक. रशियात झेम्स्त्वो नावाच्या संस्था होत्या. आपल्याकडच्या जुन्या जिल्हा लोकल बोर्डांसारख्या त्या समजा. शाळा, दवाखाने, रस्ते ही त्यांची कामं. युद्ध सुरू होताच या झेम्स्त्वोंनी आपला देशव्यापी संघ काढला आणि प्रिन्स जॉर्जी ल्वोव्ह हे त्याचे प्रमुख झाले. शहरांच्या नगरपालिकांनीही आपला संघ काढला. त्याच्या प्रमुखपदी मॉस्कोचे महापौर चेल्नोकोव्ह होते. सुरुवातीला या संघांकडे जखमींची शुश्रूषा एवढंच काम होतं. त्यांनी रुग्णांच्या आगगाड्या चालवल्या, आघाडीच्या मागं भोजनगृहं आणि स्नानगृहं उघडली. जुलै १९१५ मध्ये दोन्ही संघांची मिळून एक पुरवठा समिती झाली. तिचं नाव 'झेमगोर'. त्याच सुमारास कारखानदारांनीही पुढाकार घेऊन युद्धोद्योग समित्या काढल्या आणि अलेक्झांडर गुचकोव्ह यांना मध्यवर्ती समितीचं अध्यक्ष केलं. बघता बघता देशभर दोनशेवर स्थानिक समित्या उभ्या राहिल्या.

झेमगोरनं गावोगावच्या शिंप्यांना, चांभारांना, छोट्या कारखान्यांना कामाला लावलं. बूट, गणवेश, आतले कपडे, तंबू, घोड्यांचं सामान असं सगळं तयार होऊ लागलं. युद्धोद्योग समित्या तोफगोळ्यांच्या मागण्या लहान कारखान्यांत वाटून देऊ लागल्या. एकूण लष्करी मागण्यांच्या मानानं त्यांचा वाटा थोडाच होता आणि अनेकदा माल वेळेवर पोचलाही नाही. इतिहासकारांनी त्यांच्या कामाचं मोजमाप करताना हे स्पष्ट नोंदवलं आहे. पण नुसत्या नगांच्या हिशेबात एक गोष्ट दिसत नाही. या संघांचे लोक आघाडीवरही होते आणि गावातल्या कार्यशाळेतही. त्यामुळं सैनिकाच्या पायात बूट कुठं फाटतो हे शिवणाऱ्याला कळण्याचा एक रस्ता तयार झाला. सरकारी कचेरीच्या फाइलींतून जाणाऱ्या रस्त्यापेक्षा तो पुष्कळच जवळचा होता.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे विषारी वायूवरचा मुखवटा. ३१ मे १९१५ रोजी वॉर्साच्या पश्चिमेला बोलिमोवजवळ जर्मनांनी रशियन फौजांवर क्लोरिन वायू सोडला. हजारो सैनिक त्याला बळी पडले. बातमी मागं पोचताच पेट्रोग्राड आणि मॉस्कोत बायकांनी जाळीदार कापडाच्या घड्या शिवायला घेतल्या. औषधी पाण्यात भिजवून त्या तोंडावर बांधायच्या. पण कापड वाळलं की मुखवटा निकामी. शिवाय तो एकाच प्रकारच्या वायूवर चाले. हे कळलं ते अर्थातच आघाडीवरून.

त्याच उन्हाळ्यात निकोलाय झेलिन्स्की या रसायनशास्त्रज्ञानं खास तयार केलेल्या लाकडी कोळशाचा उपाय सुचवला. कोळसा कोणता वायू आहे हे विचारत नाही, बहुतेक सगळे शोषून घेतो. गंधकाचा धूर कोंडलेल्या खोलीत त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिले. त्यानं आपला शोध वैज्ञानिकांच्या सभांत उघडपणे मांडला आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. कुम्मांट नावाच्या इंजिनीअरनं त्याला रबराचा मुखवटा जोडून दिला. पण लष्करी आरोग्यखात्याचे प्रमुख प्रिन्स ओल्डनबर्ग यांच्या मर्जीतला मुखवटा दुसराच होता. त्यामुळं झेलिन्स्कीचा मुखवटा मोठ्या प्रमाणावर सैन्याकडे जायला १९१६ साल उजाडलं. मधल्या महिन्यांची किंमत सैनिकांनी मोजली.

आता यावर झारच्या सरकारचं वागणं कसं होतं? त्याला या संघांचे बूट हवे होते, पण त्यांच्या सभा नको होत्या. युद्ध सुरू होतानाच लष्करी सेन्सॉरशिपचा कायदा आला होता. पत्रं फोडली जात, वर्तमानपत्रांत कोरे रकाने दिसत. सप्टेंबर १९१५ मध्ये दोन्ही संघांनी मॉस्कोत परिषदा घेऊन झारकडे शिष्टमंडळ पाठवायचं ठरवलं. झारनं त्याला भेट नाकारली. नोव्हेंबर १९१६ मध्ये ड्यूमात, म्हणजे त्यांच्या संसदेत, मिल्युकोव्ह यांनी सरकारवर कडाडून हल्ला चढवणारं भाषण केलं. वर्तमानपत्रांत ते छापू दिलं नाही, तर लोकांनी टाइप करून, हातानं उतरवून त्याच्या प्रती गावोगाव पोचवल्या. डिसेंबर १९१६ मध्ये संघांच्या मॉस्कोतल्या परिषदांवर बंदी आली आणि पोलिसांनी जमलेल्या प्रतिनिधींना बाहेर काढलं. १९१७ च्या सुरुवातीला मध्यवर्ती युद्धोद्योग समितीतल्या कामगार गटालाच अटक झाली. म्हणजे जे कामगार युद्धाला पाठिंबा देऊन कारखाने चालू ठेवायला मदत करत होते, तेच तुरुंगात गेले.

झारची भीती अगदीच निराधार होती, असं मी म्हणणार नाही. ल्वोव्ह काय किंवा गुचकोव्ह काय, ही मंडळी नुसती बूट मोजायला बसलेली नव्हती. राजवट बदलली पाहिजे, असं त्यांना वाटत होतं आणि गुचकोव्ह तर राजवाड्यातल्या उठावाच्या खटपटीत होते. पण पुढं काय झालं ते पाहा. मार्च १९१७ मध्ये, रशियाच्या जुन्या पंचांगानुसार फेब्रुवारीत, राजधानीत उठाव झाला आणि झारला गादी सोडावी लागली. नव्या हंगामी सरकारचे पंतप्रधान झाले प्रिन्स ल्वोव्ह आणि युद्धमंत्री झाले गुचकोव्ह. ज्यांना सभा घेऊ दिल्या नाहीत, तेच सरकार होऊन बसले. त्यांनाही देश सांभाळता आला नाही, ही पुढची गोष्ट. पण राज्ययंत्रणेचं आणि स्वयंसेवकांचं नातं तुटलं ते असं.

दुसरा प्रसंग १९४१ चा, ज्यापासून मी सुरुवात केली. झारच्या तुलनेत स्टालिननं केलेली बंदी कितीतरी कडक होती. घरचे रेडिओ गेले, हौशी वायरलेस केंद्रं बंद झाली, सैनिकांची त्रिकोणी घडीची पत्रं सेन्सॉरचा शिक्का घेऊनच घरी पोचत. घराघरांत राहिला तो भिंतीवरचा तारेनं जोडलेला कर्णा. त्यावर एकच केंद्र लागे, सरकारचं. लेनिनग्राडच्या वेढ्यात, १९४१ पासून १९४४ पर्यंत, या कर्ण्यावर कार्यक्रम नसेल तेव्हा लंबकाची टकटक ऐकू येत राही. टकटक जलद झाली की बॉम्बहल्ला, संथ झाली की धोका टळला. त्या उपाशी शहराला तेवढा आवाजही आधाराचा वाटे.

मग एवढ्या बंदीनं सोव्हिएत युद्धोत्पादन कोलमडलं का? मुळीच नाही. १९४१ च्या जुलै ते नोव्हेंबर या काळात दीड हजारांवर मोठे कारखाने उचलून पूर्वेला उरल आणि सैबेरियात नेले गेले आणि तिथं रणगाड्यांच्या रांगा लागल्या. याचं कारण सरळ आहे. या वेळी ज्ञान कुठं होतं? सरकारच्या आराखड्यांत. टी-३४ रणगाडा कसा बनवायचा हे कारखान्यात ठरलेलं होतं. जनतेकडून हवे होते श्रम आणि पैसा. सारातोव्ह भागातला फेरापोंत गोलोवाती हा शेतकरी याचं नमुनेदार उदाहरण आहे. १९४२ च्या डिसेंबरात त्यानं आपल्याजवळचे एक लाख रुबल दिले आणि त्यातून याक-१ जातीचं एक लढाऊ विमान घेतलं गेलं. त्याची त्यागबुद्धी मोठीच. पण विमान कसं असावं हे त्याला कुणी विचारलं नाही आणि विचारण्याची गरजही नव्हती. पैसा शेतकऱ्याचा, विमान कारखान्याचं. अशा व्यवस्थेत दोन नागरिकांनी एकमेकांशी बोललं नाही, तरी चाक फिरत राहतं.

मला वाटतं, सगळा फरक इथंच आहे. संवादावरच्या बंदीनं किती नुकसान होईल हे बंदी किती कडक यावर ठरत नाही. काम करण्याचं ज्ञान कुणाकडे आहे, यावर ते ठरतं. ज्ञान वरच्या कचेरीत असेल तर खालचे लोक गप्प बसले तरी भागतं. ज्ञान खाली, हजार हातांत विखुरलेलं असेल आणि ते बोलण्यातूनच गोळा होत असेल, तर मात्र बोलणं थांबवणं म्हणजे कामच थांबवणं.

आता तिसरा प्रसंग. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं. झारच्या सेनापतींप्रमाणे या वेळीही मोहीम थोडक्यात आटोपेल, असा हिशेब होता आणि तोही चुकला. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिकांना बोलावणं गेलं, तेव्हा कोठारं रिकामी निघाली. सैनिकांचे दीड लाख नव्हेत, पंधरा लाख पोशाखसंच गेले कुठं, असा प्रश्न सत्ताधारी पक्षाच्याच एका खासदारानं, आंद्रेय गुरुल्योव्ह या माजी जनरलनं, जाहीरपणे विचारला. कुटुंबं स्वतःच्या पैशानं बूट, झोपण्याच्या पिशव्या, रक्तस्राव थांबवायचे पट्टे विकत घेऊन मुलांना पाठवू लागली.

इथून एक अजब उद्योग उभा राहिला. रशियन लोक त्याला 'जनतेचा शस्त्रोद्योग' म्हणू लागले. शाळेच्या व्यायामशाळेत, चर्चच्या तळघरात बायका कापडाच्या पट्ट्या गाठून कॅमोफ्लाजची जाळी विणू लागल्या. रिकाम्या डब्यांत पुठ्ठ्याची गुंडाळी बसवून त्यात मेण ओतलं की खंदकात ऊब देणारी मेणबत्ती होते, ती हजारोंनी तयार होऊ लागली. गॅरेजमध्ये तरुण मुलं चीनहून मागवलेल्या मोटरी आणि सर्किटांना डाग देऊन छोटी ड्रोन विमानं जुळवू लागली. त्रिमिती छपाईच्या यंत्रावर घरबसल्या सुटे भाग निघू लागले.

या उद्योगाला ना मध्यवर्ती कचेरी होती ना आराखड्यांचं कपाट. त्याचं सगळं बिऱ्हाड मोबाइलवर होतं, विशेषतः टेलिग्राम या संदेशसेवेवर. कामाची साखळी साधारण अशी असे. आघाडीवरून निरोप येतो, आम्हाला अमुक वस्तू हवी. गट तो निरोप आपल्या वाचकांपुढं ठेवतो आणि खाली बँकेच्या कार्डाचा क्रमांक देतो. शंभर, दोनशे रुबल अशी वर्गणी गोळा होते. माल येतो, जुळणी होते, कुणीतरी आपल्या गाडीतून तो पोचवतो. सैनिक वस्तू हातात धरून छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवतात. ते पाहून देणाऱ्याला खात्री पटते आणि पुढची वर्गणी येते. आपल्याकडे मंडळाचा हिशेब फळ्यावर लावतात ना, तसा हा फळा. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तक्रार. ड्रोन उडालं, पण शत्रूनं त्या लहरी जाम केल्या, तेव्हा पुढचं निराळ्या लहरींवर चालणारं द्या. ही तक्रार त्याच दिवशी गॅरेजमधल्या मुलापर्यंत पोचते.

ड्रोनच्या बाबतीत हा परतीचा निरोप म्हणजे जीव की प्राण. तोफगोळ्याची रचना वर्षानुवर्षं टिकते. ड्रोनची युक्ती काही आठवड्यांत शिळी होते, कारण समोरचाही शिकत असतो. अशा शिकण्यातूनच एक नवा प्रकार पुढं आला. लहरी जाम होतात ना, मग लहरीच नकोत, असं म्हणून ड्रोनच्या पाठीमागं केसासारख्या बारीक काचतंतूचं रीळ सोडायचं आणि त्या तंतूतूनच त्याला चालवायचं. वेलिकी नोव्हगोरोदच्या 'उश्कुयनिक' या केंद्राचं 'नोव्हगोरोदचा राजपुत्र वांदाल' नावाचं असं ड्रोन २०२४ च्या ऑगस्टपासून कुर्स्क भागात दिसू लागलं. हे केंद्र सरकारी शस्त्रागारातलं नव्हतं, उत्साही लोकांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं होतं. पुढं दोन्ही बाजूंनी ही युक्ती उचलली.

आणि याच काळात सरकारनं संवादाच्या वाटा एकामागून एक बंद करायला घेतल्या. फेसबुक आणि इन्स्टाग्राम मार्च २०२२ मध्येच गेले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात यूट्यूब रेंगाळू लागलं. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी डिस्कॉर्ड ही सेवा बंद झाली. ती मुळात खेळ खेळणाऱ्या मुलांची. पण रशियन तुकड्या ड्रोनमधून दिसणारी चित्रं आपल्या ठाण्यात पाहण्यासाठी तीच वापरत होत्या! बंदी येताच ओरड केली ती सरकारच्या विरोधकांनी नव्हे, तर युद्धाच्या कट्टर समर्थक लेखकांनी. पर्याय हातात देण्याआधी चालती गोष्ट का मोडलीत, हा त्यांचा सवाल.

मे २०२५ पासून मोबाइलवरचं इंटरनेटच बंद ठेवण्याची पद्धत पडली. आधी मॉस्कोतल्या विजयदिनाच्या संचलनासाठी, मग एकेका प्रांतात, तासन् तास. १३ ऑगस्ट २०२५ रोजी व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून बोलण्यावर निर्बंध आल्याचं जाहीर झालं. १ सप्टेंबरपासून नव्या फोनमध्ये 'मॅक्स' ही देशी संदेशसेवा आधीच घातलेली असणं सक्तीचं झालं. मोबाइल बंद असतानाही चालतील अशा मोजक्या मान्यताप्राप्त सेवांची यादी निघाली. आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये खुद्द टेलिग्रामचा वेग खाली आणायला सुरुवात झाली. तेव्हा युक्रेनच्या सीमेवरच्या बेल्गोरोद प्रांताच्या राज्यपालांनीच काळजी बोलून दाखवली. हल्ल्याचा इशारा लोकांपर्यंत पोचवायला त्यांच्याकडे तीच वाट होती.

इथंही सरकारची बाजू ऐकली पाहिजे. १ जून २०२५ रोजी युक्रेननं ट्रकवरच्या लाकडी खोक्यांत लपवलेली ११७ ड्रोनं रशियाच्या आतल्या विमानतळांवर सोडली आणि ती चालवण्यासाठी रशियाचंच मोबाइल जाळं वापरलं. लांबून येणारी ड्रोनंही वाट शोधायला आणि चित्रं पाठवायला मोबाइलच्या मनोऱ्यांचा उपयोग करत होती. तेव्हा हल्ला येताना जाळं बंद करणं हा काही नुसता बहाणा नव्हता. पण त्याच मनोऱ्यांवर गॅरेजमधला मुलगाही अवलंबून होता. मोबाइलचं जाळं बंद केलं की शत्रूचं ड्रोन आणि आपला स्वयंसेवक हा फरक त्याला कळत नाही.

अशा बंदीनं काम एका दिवसात बंद पडत नाही. जाळी विणणाऱ्या बायका आल्याच, कारण त्या गल्लीतच राहतात. वाकबगार मंडळी आडवाटेनं, व्हीपीएन लावून, पोचतातच. गळतो तो कडेचा माणूस. म्हणजे महिन्याला दोनशे रुबल देणारी निवृत्त शिक्षिका. तिला आडवाट जमत नाही, छायाचित्र उघडत नाही, म्हणजे आपले पैसे पोचले का हे कळत नाही, म्हणजे पुढची वर्गणी नाही. गळते ती तक्रार. आणि 'मॅक्स'वर जा म्हटलं तरी तिथं सैनिक मोकळेपणानं लिहीत नाही. आपलं लिहिणं वरिष्ठांपर्यंत जाईल, या धास्तीनं 'सगळं ठीक आहे' एवढंच येतं. 'सगळं ठीक आहे' या निरोपावर नवीन ड्रोन बनवता येत नाही.

बंदीच्या जोडीला संशयही आला. सप्टेंबर २०२५ मध्ये कुर्स्कच्या एका प्रसिद्ध युद्धसमर्थक निधी-संकलकाला सरकारनं 'परदेशी हस्तक' ठरवलं. १९१७ साली अटक झालेल्या त्या कामगार गटाची इथं आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दुसरीकडे सरकारनं आपली यंत्रणाही वाढवली. तातारस्तानातल्या अलाबुगासारख्या ठिकाणी लांब पल्ल्याची ड्रोनं कारखान्यात, ठोक भावात बनू लागली. ड्रोनचालकांसाठी 'रुबिकोन' हे सरकारी केंद्र २०२४ मध्ये निघालं. म्हणजे १९१५ च्या वाटेनं आलेलं काम १९४१ च्या साच्यात ओतायचा हा प्रयत्न आहे. नगांच्या बाबतीत तो यशस्वीही होऊ शकतो. पण साच्यातून निघालेल्या वस्तूला आपली चूक स्वतः कळत नाही. ती कुणीतरी सांगावी लागते.

समोरच्या युक्रेननं काय केलं? तिथंही निर्बंध आहेत. बॉम्ब कुठं पडला याची छायाचित्रं लगेच प्रसिद्ध करायला २०२२ पासूनच मनाई झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी आणि लष्करी यंत्रांवर टेलिग्राम वापरायला बंदी आली. पण सामान्य नागरिकाचं टेलिग्राम चालू राहिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ड्रोन कसं जुळवायचं याचे मोफत वर्ग तिथल्या स्वयंसेवी गटांनी इंटरनेटवरूनच चालवले आणि नवशिक्यांनी बनवलेली ड्रोनं तपासून आघाडीवर गेली. कुलूप कुठल्या दारावर लावायचं, एवढाच प्रश्न दोघांपुढं होता. एकानं ते कचेरीच्या दाराला लावलं, दुसऱ्यानं गल्लीच्या तोंडाला.

कुणी म्हणेल, रशिया आक्रमक आहे, त्याचे स्वयंसेवक अडले तर आपण का हळहळावं? बरोबर आहे. ज्यांच्या घरांवर ती ड्रोनं पडतात, त्यांच्या दृष्टीनं प्रत्येक अडलेलं ड्रोन हा एक वाचलेला जीव आहे. मी हळहळत नाही. मी इतिहासातला एक हिशेब मांडतो आहे आणि तो कोणत्याही देशाला लागू पडतो. आपल्यालाही. इंटरनेट बंद करण्याच्या घटनांची जगभर मोजदाद करणाऱ्या 'ॲक्सेस नाऊ' या संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये अशा सर्वाधिक, म्हणजे ८५ घटना लष्करी राजवटीखालच्या म्यानमारमध्ये घडल्या आणि त्याच्या खालोखाल ८४ भारतात. आपल्याकडे हे युद्धासाठी झालेलं नाही. कुठं दंगल, कुठं आंदोलन, कुठं परीक्षेतली कॉपी अशी कारणं होती. पण जाळं बंद केलं की अफवा पसरवणाऱ्याबरोबर रक्तदाता शोधणाराही अडतो, हा नियम तोच.

झारनं बूट मागितले आणि सभा बंद केल्या. स्टालिननं रेडिओ काढून घेतले आणि कारखाने उभे केले. २०२२ नंतरच्या रशियानं गॅरेजमधल्या मुलाकडून ड्रोन घेतलं आणि त्याचा फोन मुका केला. तिन्ही सरकारांना लोकांचे हात हवे होते. पण माणसाचा हात काही सुटा मिळत नाही. त्याच्याबरोबर डोळे येतात, डोळ्यांना दिसलेली चूक येते आणि ती सांगणारं तोंडही येतं. ते तोंड शत्रूपेक्षा अधिक धोक्याचं वाटू लागलं, की सरकारनं युद्ध कुणाशी चालू आहे हे एकदा नीट आठवून पाहावं.

१९४५ साली युद्ध संपलं आणि पोस्टात जमा केलेले रेडिओ लोकांना परत मिळू लागले. चार वर्षं मुका राहिलेला संच घरी आणून पुन्हा लावला, तेव्हा त्या माणसांना काय वाटलं असेल, याची कल्पना रेडिओ ऐकणाऱ्या तुम्हा मंडळींना मी वेगळी करून द्यायला नको.